सुट्ट्यांमध्ये ब्रेसेस कशा सांभाळायच्या? आमच्या डॉक्टरही नसणारेत

लेकीची_आई

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला (वय १३) वर-खाली दोन्हीकडे ब्रेसेस लावल्यात, मेटलच्याच. आत्ता कुठे जरा रुळायला लागलीये, आधीचे काही दिवस तर बोलता बोलता मधेच थांबून जिभेने मागची तार चाचपत बसायची. आता सुट्ट्या लागतायत, प्रवास आहे, नातेवाईकांकडे मुक्काम आहे, म्हणजे खाणं सतत समोर असणार आणि प्रत्येक जण आग्रह करणार. त्यात नेमक्या आमच्या ऑर्थोडॉन्टिस्ट (ब्रेसेस लावणाऱ्या डॉक्टर) पण सुट्टीवर जातायत. क्लिनिकमधून निघताना एक कागद दिला होता, काय खायचं नाही त्याची यादी, पण ती वाचली तर पोरीने उपाशीच राहावं असं वाटतं. मला खरंच कळत नाहीये की यातलं कडक पाळायचं काय आणि थोडं सोडून दिलं तरी चालतं ते काय. आणि मधेच ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निघालं किंवा तार टोचायला लागली तर परत येईपर्यंत काय करायचं? ज्यांनी स्वतः वापरल्यात किंवा मुलांचं केलंय त्यांनी प्लीज सांगा, सोबत काय काय घेऊन जाऊ तेही सांगा.

तारकर

ताई, मी मोठेपणी लावल्या, नोकरी करता करता, आणि माझं काम फिरतीचं आहे त्यामुळे बाहेर राहून सांभाळायची चांगलीच सवय झालीये. पहिली गोष्ट म्हणजे त्या यादीला घाबरू नका, ती यादी पदार्थांची असते पण खरा प्रश्न चावण्याच्या पद्धतीचा असतो. पुढच्या दातांनी तोडणं पूर्ण बंद, बस्स. सफरचंद अख्खं चावायचं नाही पण पातळ फोडी करून दाढेने खाल्लं तर काही होत नाही, गाजर तसंच, किसून तर अजून बरं. जाड पाव, कणीस वगैरे जे तोंडात धरून ओढावं लागतं ते सगळं सुरीने कापून किंवा दाणे काढून खायचं. मात्र काही गोष्टींना खरंच नाहीच म्हणायचं, बर्फ चावणं, कडक गोळ्या दाताखाली फोडणं, चिकट टॉफी आणि पॉपकॉर्न. पॉपकॉर्नचं लोकांना आश्चर्य वाटतं पण त्यातला न फुटलेला दाणा ब्रॅकेट उडवतो आणि ते पातळ साल हिरडी आणि बँडच्या (दाढेभोवतीचं धातूचं कडं) मधे जाऊन बसतं की दोन दिवस हिरडी सुजलेली राहते, ब्रशने पण निघत नाही. आणि खाण्याव्यतिरिक्त पेनचं टोपण चावणं, नखं खाणं, दाताने पाकीट फाडणं, सुट्टीत मुलं निवांत असली की हे जास्त चालतं, त्याकडे पण लक्ष ठेवा.

किट म्हणाल तर एक छोटा डबा करा, त्यात फोल्डिंग ब्रश, छोटी टूथपेस्ट, इंटरडेंटल ब्रश (बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू दिसतं तो), ऑर्थोडॉन्टिक वॅक्स (टोचणाऱ्या जागेवर लावायचं मेण), छोटा आरसा, थोडा स्वच्छ कापूस, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि एक बोथट टोकाचा छोटा चिमटा. हा डबा बॅगेत तळाशी नको, हाताशी असलेल्या पर्समध्ये ठेवा. वॅक्सची एक पट्टी जास्तीची घ्या कारण ते हमखास कुठेतरी पडतं.

वॅक्स लावायची पण पद्धत आहे बरं का, ओल्या ब्रॅकेटवर लावलं तर पाच मिनिटांत निघून येतं आणि मग मुलं म्हणतात याचा काही उपयोग नाही. आधी हात धुवायचे, कापसाने ती जागा टिपून अगदी कोरडी करायची, वाटाण्याएवढं वॅक्स बोटांच्या मधे गोल फिरवून मऊ करायचं आणि टोचणाऱ्या जागेवर दाबून बसवायचं, कडा नखाने तारेखाली थोड्या सरकवायच्या. खाताना काढायचं, नंतर ब्रश करून नवीन लावायचं. चुकून गिळलं गेलं तरी घाबरायचं कारण नाही.

निवांत७

तार टोचली तर सरळ नेलकटरने कापून टाका, हाकानाका. एवढ्यासाठी कुठे डॉक्टर शोधत बसता.

दंतवैद्य_अ

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, जरा सविस्तर लिहितो कारण सुट्ट्या संपल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्याकडे निघालेली ब्रॅकेट्स घेऊन रांग लागते आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं.

आधी नेलकटरबद्दल. कापणं हा अगदी शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. दात सरकायला लागले की मागच्या दाढेवर तार अडकवायला जी छोटी नळी असते तिच्यातून तारेचं टोक थोडं बाहेर येतं, हे नॉर्मल आहे, उलट दात हलतायत याचंच लक्षण. मधल्या एखाद्या ब्रॅकेटजवळ बांधायची बारीक तार वर आली असेल तर कापसाच्या काडीने किंवा पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ रबराने तिला हळूच दाताकडे वाकवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. जाड मुख्य तार दाढेच्या नळीतून पूर्णच सुटून आली असेल तर चिमट्याने धरून परत आत सरकवता येते का पाहा, जोर लावायचा नाही. नाही जमलं तर वॅक्स लावा आणि आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. कापायचीच वेळ आली तर ती त्यांच्याशी बोलूनच, चांगला उजेड असताना, मुलगी बसलेली असताना (आडवी झोपलेली नको), आणि टोकाशी स्वच्छ कापड किंवा गॉझ धरून, म्हणजे तुकडा घशात जाणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे घरच्या घरी शक्यतो नकोच. कापलेलं टोक कधी कधी आधीपेक्षा जास्त धारदार होतं.

ब्रॅकेट निघालं तर काय. ते दातावर एका रेझिनने (दातांसाठीचा खास चिकट पदार्थ) चिकटवलेलं असतं, इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) आम्लाने किंचित खरखरीत करून त्या बारीक खरखरीत जागेत ते रेझिन धरतं. उपचार संपल्यावर आम्हाला तेच ब्रॅकेट इनॅमलला धक्का न लावता काढायचं असतं, म्हणून ही पकड मुद्दामच मर्यादित ठेवलेली असते. म्हणजे ब्रॅकेट निघालं की डॉक्टरांनी नीट लावलं नाही असं धरून चालू नका, आणि मुलीला लगेच रागावू पण नका. खालच्या दातांची ब्रॅकेट्स तर वरच्या दातांच्या थेट माऱ्यात येतात, ती जास्त निघतात. सुटलेलं ब्रॅकेट बहुतेक वेळा तारेला अडकूनच राहतं, ते ओढून काढू नका, कोरडं करून वॅक्सने जागच्या जागी धरून ठेवा. तारेवरून पूर्ण निघून हातात आलं तर एका डबीत ठेवा आणि येताना घेऊन या. घरातल्या कुठल्याही गोंदाने किंवा झटपट चिकटणाऱ्या ग्लूने परत चिकटवायचा प्रयत्न करू नका, तो गोंद तोंडात वापरायचा नसतो आणि नंतर दातावरून काढताना त्रास आम्हाला नाही, तुमच्या मुलीला होतो. बाकी तार जागेवर आहे आणि काही टोचत नाही तर हे काही रात्रीतून धावपळ करायचं कारण नाही, पण फोन करून सांगा म्हणजे परत आल्या आल्या वेळ मिळेल, कारण तेवढे दिवस त्या दातावर काम थांबलेलं असतं.

गिळलं गेलं तर बहुतेक वेळा ते पोटातून आपोआप बाहेर पडतं. पण ठसका थांबत नाही, श्वास घ्यायला त्रास होतोय, गिळताना छातीत किंवा घशात दुखतंय, असं असेल तर मात्र वाट पाहायची नाही, थेट हॉस्पिटल. तसंच तोंडावर मार लागून दात हलला, चेहरा सुजला, ताप आला, रक्त थांबत नाही, यातलं काही झालं तर जिथे असाल तिथल्या जवळच्या डेंटिस्टकडे किंवा हॉस्पिटलमध्ये जा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वाट पाहू नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याबद्दल पालक जवळजवळ कधीच विचारत नाहीत. तुटलेलं ब्रॅकेट मी अर्ध्या तासात परत लावतो. दातावर पडलेला पांढरा डाग मला पूर्ण पुसता येत नाही. ब्रेसेस काढतो त्या दिवशी काही मुलांच्या दातांवर दिसतं की जिथे ब्रॅकेट होतं तिथे चौकोनी स्वच्छ तुकडा आणि त्याच्या भोवती, विशेषतः हिरडीच्या बाजूला, खडूसारखा पांढरा पट्टा. तिथून खनिजं निघून गेलेली असतात, म्हणजे किडीची ती पहिली पायरी. स्वच्छता अगदीच सुटली तर हे साधारण महिनाभरातही दिसायला लागू शकतं, म्हणून "सुट्टी आहे, आल्यावर घासेल नीट" हे चालत नाही.

हे होतं कसं ते समजलं तर खाण्याचा प्रश्नही सुटतो. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू आम्ल तयार करतात, तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि लाळ त्याला परत वर आणायला अर्धा तास तरी घेते, ब्रॅकेटभोवती अन्न अडकलं असेल तर अजून जास्त. म्हणजे जेवणाबरोबर एक मोठा गोड पदार्थ खाल्ला तर एकदाच आम्ल तयार होतं. पण तोच पदार्थ समोर ठेवून दिवसभर येता जाता थोडा थोडा तोंडात टाकला तर लाळेला संधीच मिळत नाही. सुट्टीत नेमकं हेच होतं, घड्याळ नसतं, डबे उघडे असतात, गाडीत बसलं की काहीतरी चघळणं चालू. म्हणून माझ्या पेशंट्सना मी सांगतो, गोड बंद करू नका, गोड जेवणाला जोडून खा आणि मधल्या वेळात पाणी. कोल्ड्रिंक आणि पॅकेटमधले ज्यूस तर सगळ्यात वाईट, त्यात साखर पण आणि आम्ल पण, आणि मुलं एक बाटली तासभर घोट घोट पुरवतात. प्यायचंच असेल तर जेवताना, एका बैठकीत, जमलं तर स्ट्रॉने, आणि नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ. आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

ब्रश दिवसातून किमान दोनदा, त्यातला रात्रीचा कुठल्याही परिस्थितीत चुकवायचा नाही कारण झोपेत लाळ खूप कमी होते आणि जे अडकलंय ते रात्रभर काम करत राहतं. फ्लोराइड असलेली पेस्ट, ट्यूबवर १००० ते १५०० पीपीएम लिहिलेलं असतं ते बघा, तिच्या वयाला १४५० च्या आसपासची चांगली. ब्रश ब्रॅकेटच्या वरच्या बाजूने तिरका, मग खालच्या बाजूने तिरका, मग समोरून, आणि तारेखालून इंटरडेंटल ब्रश. घाई केली तर लोक नेमकं ब्रॅकेटच घासतात, खरी जागा हिरडी आणि ब्रॅकेटच्या मधली आहे. घासून झाल्यावर थुंकायचं, पण पाण्याने भरपूर चुळा भरून सगळं फ्लोराइड धुवून टाकायचं नाही. फ्लोराइडचा माउथवॉश डॉक्टरांनी दिला असेल तर तो ब्रशच्या वेळी नाही, दुपारी वेगळा वापरायचा, म्हणजे दिवसात अजून एकदा फ्लोराइड मिळतं.

लेकीची_आई

डॉक्टर, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून धन्यवाद. ते दिवसभर थोडं थोडं खाण्याचं तर आमच्याकडे अगदी तस्संच चालतं, मी नुसतं "कडक खाऊ नको" एवढंच बघत होते. अजून एक विचारते, तिची तार टाईट करायची तारीख नेमकी निघायच्या आदल्या दिवशी आलीये, चालेल ना? मागच्या वेळी केली तेव्हा तिला चांगलंच दुखलं होतं.

दंतवैद्य_अ

आदल्या दिवशी नको. टाईट केल्यावर दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग आठवड्याच्या आत बहुतेक ओसरतं, म्हणजे तुमचे प्रवासाचे दिवसच त्यात जातील. आणि टाईट केल्यावर एखादं टोक टोचतंय हे पण घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत कळतं, तेव्हा तुमच्या डॉक्टर हाताशी असायला हव्यात. त्यांना आजच फोन करा आणि तारीख आठवडाभर अलीकडे घेता येते का विचारा, त्याच वेळी सगळी ब्रॅकेट्स घट्ट आहेत का तेही तपासून घ्या. अलीकडची मिळत नसेल तर परत आल्यावरची घ्या, काही दिवस पुढेमागे झाल्याने बिघडत नाही, पण न सांगता तारीख चुकवणं आणि मग महिना महिना न जाणं हे नको. सुट्टीच्या काळात त्यांच्या जागी कोण बघणार आहे, कुठल्या नंबरवर फोटो पाठवायचा हेही विचारून ठेवा. फोटोवरून आम्हाला बरंच कळतं, फक्त गाल चमच्याने बाजूला धरून उजेडात काढा.

दुखलं तर मऊ खाणं, कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या (ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा पुरे), आणि वेदनाशामक लागलंच तर वय-वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, तुमच्या डॉक्टरांना विचारून. थंड पाणी पण बरं वाटतं आणि त्याला एक छान कारण आहे. सुरुवातीच्या काळात ज्या निकेल-टायटॅनियमच्या तारा घालतो त्यातल्या बऱ्याच तोंडाच्या उष्णतेवर काम करतात, गार पाण्याचा घोट घेतला की तार थोडा वेळ मऊ पडते आणि दातावरचा ताण कमी होतो, तोंड परत गरम झालं की ती परत कामाला लागते. हा मिश्रधातू मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि १९७० च्या दशकात दातांसाठी वापरात आला, मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं.

मधुरा_अकरावी

काकू मी तुमच्या मुलीच्या बाजूने लिहिते, माझ्या ब्रेसेस याच वर्षी निघाल्या. सगळ्यात जास्त त्रास खाण्याचा नाही व्हायचा, सगळ्यांसमोर "अगं हिला नका देऊ, हिला तारा आहेत" असं मोठ्याने म्हटलं जायचं त्याचा व्हायचा. मग सगळे तोंडाकडे बघतात आणि कोणीतरी म्हणतंच की दाखव बघू. आमच्या आईने नंतर असं केलं की ताट यायच्या आधीच स्वयंपाकघरात जाऊन माझं कापून घ्यायची, कोणाला कळायचं पण नाही. आणि जे मला चालणार नाही त्याच्या जागी दुसरं काहीतरी छान आधीच ठरवून ठेवायचो, नुसतं नाही नाही ऐकलं की मग लपून खावंसं वाटतं ना.

दुसऱ्यांच्या घरी ब्रश करायला पण लाज वाटते कारण वेळ लागतो आणि बाहेर कोणीतरी बाथरूमसाठी थांबलेलं असतं. मी सगळ्यांच्या आधी उरकायचे, जेवण झाल्या झाल्या, बाकीचे गप्पा मारत असताना. दुपारी ब्रश नाहीच जमला तर किमान जोरात चूळ भरायचे आणि आरशात बघून पुढचं अडकलेलं इंटरडेंटल ब्रशने काढायचे, दोन मिनिटं पण लागत नाहीत. आणि फोटोत हसायचं नाही असं ठरवून बसली असेल तर तिला सांगा की मी पण तसंच केलं होतं आणि आता ते तोंड मिटलेले फोटो बघायला मलाच आवडत नाहीत.

तारकर

मधुरा, एकदम पटलं. मोठ्या माणसांना पण तसंच होतं गं.

सुहास_बाबा

माझ्या मुलाला तारा नाहीत, ते पारदर्शक अलायनर आहेत, काढता-घालता येणारे. त्यांचं पण हेच का? तो जेवताना काढून कुठेही ठेवतो.

दंतवैद्य_अ

अलायनरला तुटण्याची भीती कमी आणि हरवण्याची फार. जेवताना काढला की थेट डबीत, कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी कधीच नाही, कारण ताट उचलणारा माणूस रुमालासकट कचऱ्यात टाकतो. रोज २० ते २२ तास घालायचा असतो, सुट्टीत जेवणं लांबतात आणि तिथेच तास कमी होतात. गरम पाण्याने धुवायचा नाही, वाकडा होतो. अलायनर घातलेला असताना साधं पाणी सोडून काही प्यायचं नाही, कारण गोड पेय आत अडकून दाताला चिकटून राहतं. प्रवासाला जाताना आधीचा आणि पुढचा असे दोन्ही सेट सोबत ठेवा, चालू असलेला हरवला तर यातला कुठला घालायचा ते तुमचे डॉक्टर फोनवर सांगतील.

लेकीची_आई

आत्ताच फोन केला, अलीकडची तारीख मिळाली. मधुरा, तुझा मेसेज तिला वाचायला दिला, काही बोलली नाही पण स्वतःच डबा भरायला घेतलाय. डॉक्टर, शेवटचा प्रश्न, यावेळी तिला रबर बँड पण चालू करतील असं म्हणाल्या, वरून खाली लावायचे ते. ती सुट्टीपुरते नाही लावले तर चालेल का असं विचारतेय.

दंतवैद्य_अ

नाही चालणार, आणि हे तिला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. चावा जुळवायचं काम त्या रबर बँडचंच असतं, तारा ते एकट्याने करत नाहीत, आणि ते सतत लावले तरच काम करतात. मधे काही दिवस सोडले की झालेली प्रगती मागे जायला लागते आणि परत लावल्यावर पुन्हा पहिल्यासारखं दुखतं. साधारण खाताना आणि ब्रश करताना काढायचे, बाकी दिवसरात्र, पण नक्की किती वेळ ते तुमच्या डॉक्टर सांगतील तेच धरा. रबराचा ताण काही तासांत कमी होत जातो म्हणून रोज नवीन, आणि राहून गेले म्हणून भरपाईला एका जागी दोन दोन लावायचे नाहीत. पाकिटं मोजून जास्तीची मागून घ्या, एक तिच्या डब्यात आणि एक तुमच्या पर्समध्ये. क्लिनिकमधून निघायच्या आधी तिच्याकडून तिथेच दोन-तीनदा स्वतःच्या हाताने लावून घ्या, आणि लावलेल्या अवस्थेतला एक फोटो काढून फोनमध्ये ठेवा, कुठल्या हुकपासून कुठल्या हुकपर्यंत ते विसरायला होतं.